अकरा चाळीस बाय सहा वीस

पूर्वी इथे छत्र्या दुरुस्त व्हायच्या.
रोसारिओत, पराना नदीपासून चार चौक आत
ही पत्र्याची शेड.
अजून रंगमंचाच्या फळ्यांखाली काड्या सापडतात,
गंजलेल्या, पक्ष्याच्या हाडांसारख्या बारीक.
नेलिदा त्या फेकू देत नाही.
म्हणते, एखाद्या नाटकात लागतील.
एकोणीस वर्षांत लागल्या नाहीत.

सत्तेचाळीस खुर्च्या.
बारा बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या,
नऊ दातांच्या डॉक्टरच्या विधवेने दिलेल्या
(त्यांवर बसलं की माणसं आपोआप गप्प होतात),
बाकीच्या कुठून कुठून.
एकतीस नंबरचा पाय मोडका,
हे नेहमीच्या सगळ्यांना माहीत.
पडदा नाही, त्यामुळे पडायचा प्रश्नच नाही,
असं सांगून आम्ही पाहुण्यांना हसवायचो.
तिसरी घंटा सायकलची.
तिकीट नाही; शेवटी टोपी फिरते,
ज्याने त्याने जमेल ते टाकावं.
आजवर ह्या टोपीने कुणाला टोपी घातली नाही,
वीज कंपनी सोडून.

म्हातारा मालक, दॉन एवारिस्तो, मार्चमध्ये गेला.
भाडं थकलं की पहिल्या रांगेत येऊन झोपायचा,
घोरून वसूल करायचा.
मुलं त्याची दोघं माद्रिदला, एक कोर्दोबात.
त्यांचं पत्र नम्र आहे.
करार नोव्हेंबरअखेर. पुढचं कळवू.
त्या ‘कळवू’वर आम्ही पाच महिने जगतोय.

मंगळवारी ऐन तालमीत दलालाचा मुलगा आला.
बूट पुसून आला, खोटं कशाला बोलू.
हातात यंत्र. त्यातून लाल ठिपका निघतो
आणि भिंतीला विचारून येतो, तू किती लांब.
मी शिडीवर होते, दिवे बांधत.
उजेड कुठे पडावा आणि कुठे पडू नये
एवढं शिकण्यात माझे केस गेले,
आणि तो ठिपका बेधडक फिरत होता
खोट्या खिडकीवर, जिच्याबाहेर आम्ही समुद्र आहे म्हणतो,
इर्मा उभ्याउभ्या मरते त्या जागेवर,
मग इर्माच्या गळ्यावर.
ती संवाद चुकली नाही.
एक पाऊल डावीकडे सरकली फक्त.
ठिपका मागच्या भिंतीवर पोचला. आकडा आला.

‘छताची उंची?’ त्याने वर बघून विचारलं.
‘पावसात कमी होते,’ मी म्हटलं.
हसला. लिहून घेतलं नाही.

शनिवारी तोच, नाटकाला. एकटा, इस्त्रीचा शर्ट.
बसला नेमका एकतीसवर.
कुणी सांगितलं नाही त्याला. मीही नाही.
दीड तास एका मांडीवर तोल सांभाळत,
शेजारची खुर्ची दोन्ही हातांनी धरून
बघत राहिला.
इर्मा मेली, लोक उठले,
ह्याला टाळ्यांना हात मोकळे नव्हते.

टोपीत निघाल्या एकवीस जणांच्या नोटा,
सकाळपर्यंत ज्यांची किंमत उतरेल अशा,
बसचं एक रिकामं कार्ड, एक गोळी पुदिन्याची,
आणि त्याचं व्हिजिटिंग कार्ड.
मागे पेनने:
अकरा चाळीस बाय सहा वीस. उंची तीन दहा.
पुढे काही नाही.
धमकी की भेट, ह्यावर अर्धा तास वाद झाला.

नेलिदाने चष्मा शोधला. वाचलं. परत वाचलं.
‘एवढंच?’ म्हणाली.
‘मग त्या खिडकीपर्यंत जायला
इर्माला एवढा वेळ कसा लागतो?’
इर्मा तोंडावरचा रंग पुसत होती.
म्हणाली, ‘लांब आहे ती.’

सगळे गेल्यावर मी एकतीस नंबर उलटी केली.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.
एका पायात भोक आहे, आत खिळा नाही.
नेलिदाच्या डब्यातली एक काडी घालून बघितली,
बोटभर आखूड पडली.
दुसरी शोधतेय.