त्यांचा उपास आहे

वादळानंतर चौथ्या दिवशी
खाडीपलीकडून मचव्यातनं सहा जण उतरले.
पाठीवर तंबू, पाणी गाळायची यंत्रं, उपग्रहाचा फोन,
आपापलं मीठसुद्धा.
सरपंच म्हणाले, मास्तर, तुमचं इंग्रजी काढा आता बाहेर.
तोवर ते दहावीच्या पेपरापुरतंच होतं.

छप्पर उरलेला एकच वर्ग, सातवी ब.
फळ्यावर त्यांनी आमचं गाव काढलं:
खारवीवाडी, मोहल्ला, भंडारवाडा, बौद्धवाडी.
शेजारी विचारलं, कोण, काय, कुठे, कधी.
खडू फिरत गेला तसं दिसलं
की तीन संस्थांनी चादरी खारवीवाडीतच वाटल्यात,
धक्क्यापासून जवळ म्हणून,
आणि बौद्धवाडीत मेणबत्तीसुद्धा पोचलेली नाही.
पाखाडीवर फणस आडवा पडलाय ना, आम्ही म्हणालो.
मागच्या बाकावरनं सुगंधा मोहिते बोलली,
फणस आत्ता पडला. वाट कधीची बंद आहे.
हे वाक्य इंग्रजीत न्यायला
मला दुपार लागली.

मग घरोघर.
माणसं किती, विहिरीत खारं पाणी शिरलं का,
आज चूल पेटली का, रात्री कुठे निजता,
सगळ्यात आधी काय हवं?
कौलं.
जाळं.
साखरेची इंजेक्शनं, बर्फासकट.
अब्दुल्ला परकार म्हणाला, भावाला द्याल त्याहून दोन पत्रे जास्त लिहा.
मी तसंच सांगितलं.
मारिबेल, त्यांची पुढारीण, हसली नाही. लिहून घेतलं.

द्वारकाबाई मयेकरणीच्या आगरात
एकशे ऐंशी पोफळी एकाच अंगाला निजल्या होत्या,
पंगतीतून उठताना कुणीतरी ढकलून द्यावं तशा.
तिने पडवीत पाट मांडले,
सहा पेले, वाटीत गुळाचे खडे.
मारिबेल हळूच मला म्हणाली,
ज्यांचं गेलंय त्यांच्याकडून आम्ही काही घेत नाही. नियम आहे.
नियम.
हा शब्द त्या पडवीत कुठे ठेवू?
मी म्हटलं, काकू, त्यांचा उपास आहे.
कसला? आज तर बुधवार.
त्यांच्याकडचा आहे.
पाण्याचासुद्धा?
मी मान हलवली. तिने पेले पदराने झाकले.

पुढचा प्रश्न होता, पूर्ववत व्हायला किती काळ लागेल?
एक महिना, तीन, सहा. पुढे कागद संपत होता.
द्वारकाबाईने बोटांच्या पेरांवर मोजलं.
रोप धरायचं, सावली करायची, शिंपायचं,
सातव्या वर्षी सुपारी. मी असले तर.
मारिबेल समारची. तिकडे एका रात्रीत
तिच्या बापाचे सगळे माड गेले होते.
हे तिने मला सांगितलं, काकूला सांग असं म्हणाली नाही,
आणि कागदाच्या कडेला, उभा करून,
सातचा आकडा लिहिला.

तिसऱ्या पहाटे फोन वाजला. दुसरं कुठलं तरी बेट, दुसरं पाणी.
तासाभरात तंबू गुंडाळले.
द्वारकाबाई धक्क्यावर आली होती,
फडक्यात सहा ओल्या सुपाऱ्या बांधून.
उपास सुटला की खा म्हणावं.
या वेळी मी शब्दाला शब्द सांगितलं,
उपासासकट.
मारिबेलने माझ्याकडे बघितलं, मग फडक्याकडे.
घेतलं.

अकराव्या दिवशी ताडपत्र्या आल्या, निळ्या.
चाळीस कमी पडल्या.
फळ्यावरच्या क्रमाने पहिली गाडी बौद्धवाडीच्या वळणापर्यंत गेली,
त्यावरनं भांडणं झाली, अजून आहेत.
फणस तोडला. वाट तेवढीच रुंद झाली, फणसाएवढी.
मैदानात तंबूखालचं गवत
चौकोनी पिवळं पडलं होतं, तेही आता भरून आलंय.

बाजारात भेटली की द्वारकाबाई विचारते,
मास्तर, सुटला का हो त्यांचा उपास?
रात्री बातम्यांत कुठलं तरी गाव पाण्यात असतं.
नाही, काकू, मी म्हणतो.
अजून नाही.