गळती

रात्री पावणेदोनला, प्रभादेवीच्या आमच्या गल्लीत
एक माणूस रस्त्याला कान लावून उभा होता.

रस्त्याला म्हणजे, खाली लोखंडी सळई,
सळईच्या टोकाला पितळेची वाटी,
वाटीला कान. डोळे मिटलेले.
मी तिसऱ्या मजल्यावरून बघत होते,
कारण झोप मला पंचावन्नाव्या वर्षी सोडून गेली.
भांडण नाही, तंटा नाही,
माहेरी जाऊन येते म्हणाली आणि परतलीच नाही.

त्याआधी मी बरंच काही करून पाहिलं होतं.
स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आले तशी एक वही आणली,
जाड कागदाची, वर सोनेरी अक्षरांत: आजचा विचार.
चौपाटीच्या कट्ट्यावर बसून
समुद्राकडे पाहिलं, लोक पाहतात तसं.
समुद्र काही बोलला नाही.
शेंगदाणेवाला बोलला: मावशी, जरा सरका.
वहीच्या पहिल्या पानावर तारीख आहे,
पुढे दूधवाल्याचा हिशेब.

तीन रात्री तो माणूस दिसला.
चौथ्या रात्री गाऊनवर ओढणी घेऊन मी खाली उतरले.
नाव घाडीगावकर. महापालिकेचं जलखातं.
काम, गळती शोधणं.
दिवसा जमत नाही म्हणाला,
दिवसा शहर फार बोलतं.

काय ऐकू येतं हो?
नीट चाललेलं पाणी गप्प असतं, म्हणाला,
फुटलेलं कण्हतं.
काही नळ साहेबाच्या वेळचे,
ते तर बिचारे दम्याचे पेशंट.

मी अठ्ठावीस वर्षं टेलिफोनमध्ये काढली.
एकशे सत्त्याण्णव, चौकशी, नमस्कार.
नंबर विचारणारे सगळेच काही नंबर विचारत नसत.
एकदा एका म्हाताऱ्यानं स्वतःच्याच घरचा विचारला.
दिला. धन्यवाद म्हणाला
आणि फोन ठेवीना.
मीही ठेवला नाही.
मागे पेडणेकरबाई घड्याळावर बोट ठेवून उभ्या.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं,
घाडीगावकरला का सांगितलं कोण जाणे.
तो म्हणाला, या, लावा कान.

वाटी त्याच्या कानानं कोमट झालेली.
धडधड ऐकू आली. सापडलं! म्हटलं.
तो हसला. ते तुमचंच आहे.
पहिल्यांदा सगळ्यांना स्वतःचंच ऐकू येतं.
थांबा. ते जाऊ द्या.

थांबले.
एक टॅक्सी गेली.
कुत्रं आलं, माझ्या सपातांचा वास घेऊन गेलं.
पान गळायचं तेवढ्यात गळलं.
मग खाली, खूप खाली
(की मला वाटलं)
बाळाला थोपटताना बाई
ओठ न उघडता करते, तसा एक आवाज.
हेच का, विचारणार होते.
त्यानं तोवर खडूनं फुली मारली होती,
माझ्यापासून दोन हात पलीकडे.

पुढच्या आठवड्यात खोदलं.
करंगळी जाईल एवढं भोक.
खड्ड्याला शिव्या देत लोक वळसा घालून जात होते,
मी मेथीची जुडी काखेत धरून वाकून पाहिलं,
ओळखीचं कुणी दवाखान्यात असावं तसं.
घाडीगावकर पुन्हा दिसला नाही.
मुंबईत गल्ल्या काय थोड्या आहेत?

झोप अजून परतलेली नाही.
हल्ली मी रात्री स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी राहते.
आधी माझं ऐकू येतं. ते जाऊ देते.
मग फ्रिज. मग टाकीत चढणारं पाणी.
मग भिंतीपलीकडे रेगेंची धाकटी,
उद्याच्या पेपरची उजळणी करणारी:
पानिपत, सतराशे, सतराशे…
अडखळते. पुन्हा पहिल्यापासून.

मी भिंतीच्या अलीकडून,
ओठ न उघडता,
तिला नंबर देते.