एकास सत्त्याऐंशी

सिडकोने दिलेलं मूळ दार,
एक कोपरा वाळवीने खाल्लेला.
सुतार म्हणाला, भंगारात टाका ताई.
मी ते आडवं केलं दोन स्टुलांवर
आणि म्हटलं, हे तरोडा हॉल्ट.

दिवसा मी लोकांचे दात बनवते, नौपाड्यातल्या लॅबमध्ये.
प्लास्टर कसं ओतायचं,
बुडबुडा टिचकी मारून वर कसा आणायचा,
हे हातात आहे. म्हणून टेकडी सोपी गेली.
टेकडी म्हणजे शेवटी खालचा जबडाच, पालथा.

काळी माती जमेना.
आठवडाभर चहाचा चोथा वाळवला ऐरोलीच्या खिडकीत,
चाळला, फेविकॉलवर भुरभुरला.
कापूस मात्र खराखुरा, मेडिकलमधला,
एकेक बोंड टाचणीच्या टोकाने.
चारशे अकरापर्यंत मोजली.

अडीच फुटांची आमची लाईन.
सत्त्याऐंशीने भागली की पावणेनऊ मिलिमीटर उरतात.
बाजारात रूळ मिळतात नऊचे.
पाव मिलिमीटर खोटं मी चालवून घेतलं.
दातात नसतं घेतलं.

मार्चमध्ये बाबा आले, मोतीबिंदू काढायला.
चौथ्या दिवशी, एका डोळ्यावर हिरवं फडकं,
दुसरा डोळा फळीच्या पातळीवर आणून
बराच वेळ वाकून राहिले.
मला वाटलं, भरून आलंय.

‘फलाट कशाला केलास?’
बायका उतरायच्या कशा मग?
‘उडी मारून. म्हाताऱ्यांना मी धरायचो.’
आणि अंगठ्याच्या नखाने
माझ्या दोन संध्याकाळी अलगद उचलून
बशीत ठेवल्या.

‘सिग्नल नव्हता.’
सिग्नल बशीत.
‘हापसा तू सातवीत गेल्यावर आला.’
हापसा बशीत.
‘ही फुलझाडं कोणाची?’
माझी, म्हटलं. मला हवी होती तिथे.
त्यावर काही बोलले नाहीत,
पण फुलझाडंही गेली.

‘निंब राहू दे. जरा सरकव.
सावली रुळावर पडून काय उपयोग?
खुर्चीवर पडू दे.’

राहिली एक पाटी, एक खोली, खुर्ची, निंब,
आणि चहाच्या चोथ्याचं एवढं मोठं रान
की मला पहिल्यांदाच आठवलं,
तिथे बघायला काही नसायचं,
म्हणून गाडी इतकी लांबून दिसायची.

‘आणि शाळा?’
मावत नाही, बाबा. चार किलोमीटर.
‘मग भाग की.’

सेहेचाळीस मीटर.
माझ्याकडे शिवणाची टेप, दीड मीटरची.
रात्री साडेदहाला आम्ही मोजत निघालो,
फळीच्या कडेपासून उंबरठा,
दोन जिने, सोनटक्क्यांची स्कूटर,
मी टेप धरते, ते खडूने खूण करतात,
वॉचमन बॅटरी मारून बघतो, विचारत नाही.
एकतिसाव्यांदा टेप थोडी उरली.
माझी शाळा पाण्याच्या टाकीपाशी निघाली,
झाकणाच्या अलीकडे, तिथे पाइप गळतो.

‘एवढंच?’ बाबा म्हणाले.
आणि मग, ‘रोज जायचीस.’

टाकीच्या कठड्यावर बसून त्यांनी उरलेली लाईन सांगितली.
निंबोरी पुढच्या इमारतीच्या गेटवर येईल,
माळपिंप्री गिरणीपाशी,
जंक्शन पार रिक्षा स्टँडला, साडेसहाशे मीटर.
उद्या तिथपर्यंत जाऊ, म्हणाले,
डॉक्टरांनी धुळीत जायला मना केलंय
हे त्यांनीच मला त्या सकाळी सांगितलं होतं.

वर आले तर इंजिन वळणावर अडकलेलं,
चाकं फिरतायत, गाडी जागची हलत नाही.
वळण फारच आवळलंय मी. फळी अरुंद, काय करणार.
बाबांनी चष्मा चाचपला, तो नव्हता.
‘तिथे अडायचीच,’ म्हणाले,
आणि करंगळीने, मागच्या डब्याला,
थोडंसं ढकललं.