खाडा

आज चालले नाही.
माहूर सोडून अकरावा दिवस,
आणि डाव्या टाचेचा फोड पाण्यावरून रक्तावर आलेला.
बाकीच्या पहाटे चारलाच उठल्या.
धुरपदा माझ्या उशाला हळदीची पुडी ठेवून गेली,
बोलली नाही.
बोलली असती तर मी उठले असते.

सावरगाव पाटीवरचं पंक्चरचं दुकान,
पुढं टायरांची चळत, मागं दोन खोल्या.
रात्री खैरूनबीनं परातीत माझे पाय धरून बघितले
आणि डॉक्टरासारखं नाही, मेकॅनिकसारखं सांगितलं,
"ट्यूब गेली नाही. पण उद्या गाडी रोडवर काढायची नाही."

तेवीस वर्षं या रोडवर मी बेल मारली.
नांदेड, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर, लातूर :
गावं मला टप्प्यांनी पाठ, रुपयांनी पाठ.
माळाकोळीच्या पुढं चढ आहे
हे परवा पायांनी सांगितलं.

नुसतं बसायचं कसं ते येत नाही मला.
झाडू मागितला, दिला नाही.
तांदूळ निवडते म्हटलं, तर "निवडलेलेच हैत."
नऊ वाजले.
मग बराच वेळ नऊच वाजलेले राहिले.
पलीकडं मळणी यंत्र चालू, सोयाबीनचा भुसा उडून
दोरीवरच्या माझ्या ओल्या पातळावर बसतोय.
मध्येच डोळा लागला. स्वतःच्याच घोरण्यानं जागी झाले
आणि इकडंतिकडं बघितलं,
ड्यूटीवर झोपलेल्या माणसासारखं.
देवीला निघालेली बाई भर दिवसा घोरते!

लातूर गाडी आली, वीस मिनिटं लेट.
गळ्यात मशीन अडकवलेलं पोरगं पायरीवरून म्हणालं,
"चला मावशी, बायांना अर्धंच तिकीट."
मी पाय पातळाखाली ओढून घेतले.
डबल बेल.
माझा हात हवेत वर गेला होता,
दोरी नसलेल्या जागी.

गाठोड्यात, ओटीच्या खणाखाली,
तिकिटं टोचायचा चिमटा आहे.
मशिनी आल्या तेव्हा डेपोनं सगळ्यांचे जमा करून घेतले,
मी हरवला म्हणून लिहून दिलं, दंड भरला.
आता तुळजापूरला नेऊन ठेवणार.
नवस नाही काही.
सुट्टे नाहीत म्हणून तिकिटामागं लिहून दिलेले
आठ आणे, दीड रुपया, तीन रुपये;
उतरायच्या घाईत माणसं विसरायची
आणि मी आठवण द्यायचे नाही.
सगळ्यांच्या बाबतीत नाही.
पुष्कळांच्या.
चेहरे पुसून गेले, आकडे राहिलेत,
माझ्याच तिरक्या अक्षरात.

चिमटा अर्शियाला सापडला. खैरूनबीची नात, तिसरीतली.
कट्. कट्. कट्.
वहीचं पान, बिडीबंडलाचा कागद, पळसाचा पाला,
दिसेल त्याला भोक.
मग टायरांवर चढून ओरडली,
"बोला मावशी, कुठं जायलाव?"
"कुठंच नाही."
ती थांबली.
असा टप्पा तिच्या गाडीला नव्हता. माझ्याही नव्हता.
विचार करून एक पान टोचलं, पुढं केलं.
"कुठंच नाही, एक. दोन रुपये."
कनवटीला पाचाचं नाणं होतं.
"सुट्टे नाहीत," ती म्हणाली,
हुबेहूब त्या आवाजात,
आणि पानाच्या पाठीवर पेनानं काढला
तीनचा आकडा.

मी हसले असेन. खैरूनबी म्हणाली,
"कामून रडायलाव? लई दुखायलंय का?"

आता रात्र.
पोर झोपलीय, चिमटा तिच्या मुठीत.
पहाटे तो सोडवून घ्यायचा की नाही,
ते मी पहाटेवर टाकलंय.
पान खणाखाली ठेवलंय, उतरताना मागायचं म्हणून.
टाच ठसठसतेय, थांबून थांबून,
दर वेळी एकच ठोका.
एक बेल म्हणजे थांबा.
दुसरीची मी वाट बघत नाही,
नुसती ऐकत पडलेय.