मोगरी

माटोळी उतरवली त्याच्या तिसऱ्या दिवशी
मानकुरादच्या बुंध्याशी दिसलं ते,
तळहाताएवढं, लाखेचा हात दिल्यासारखं चकचकीत,
कडेला ओली पांढरी किनार.
खालच्या चिऱ्यावर कोकोसारखी तपकिरी भुकटी.
मी झाडून काढली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेवढीच.

सव्वीस वर्षं बांबोळीला एक्स-रे काढले मी.
श्वास धरा. सोडा.
मग उजेडावर लावलेल्या फिल्ममध्ये
माणसाचं असं काही, जे त्याला अजून ठाऊक नसे.
झाडाला श्वास धर म्हणता येत नाही.
म्हणून मिनिनला बोलावलं.

मिनिन पाडेली. गुडघ्यांनी माड सोडायला लावले,
आता सावईवेऱ्यातली झाडं खालूनच तपासतो.
फणसाच्या लाकडाची मोगरी, दांडी घामाने काळी झालेली.
कान सालीला लावून तो ठोकत सरकला,
टक्, टक्,
टक्,
आणि मग तो आवाज,
रिकाम्या पेटाऱ्यावर नारळ पडावा तसा.
‘बाय, खडू आसा?’
घुमलं तिथे फुली, भरीव तिथे रेघ.
फेरी संपली तेव्हा सात फुल्या,
सातही आमच्या निजायच्या खोलीकडे तोंड करून.

मग ती सिमेंटची खपली.
अठ्ठ्याहत्तर साली मामंजींनी फांदी तोडली
आणि पोकळी गवंड्याकडून बुजवून घेतली.
ओल्या सिमेंटवर खिळ्याने कोरलेलं: वि. ना. के.
दात भरतात तसं भरलंय, सांगायचे पाहुण्यांना.
मिनिनने छिन्नी लावली.
मागून पाणी आलं, जुनं, कोऱ्या चहाच्या रंगाचं,
त्यामागे लाकूड, चिमटीत कुस्करणारं.
छत्रीची काडी आत सारली.
एक हात आणि तीन बोटं.

मी तेच विचारलं
जे लोक मला विचारत, दाराआड गाठून:
वाईट आहे का?

तो म्हणाला, मधलं लाकूड तसंही मेलेलंच, बाय.
जिवंत असतं ते सालीखालचं, बोटभर.
कुजणं थांबवता येत नाही, पण झाड आत भिंत घालतं
आणि बाहेरून नवं कडं चढवत राहतं.
आपण कडं किती उरलंय तेवढं बघायचं.
पुन्हा सिमेंट नको. डांबर नको.
आत खरवडून साफसूफ तर नकोच, भिंत तुझ्याच हाताने फुटेल.
बुंध्याशी ढीग घातलेली माती उपस, मुळांचा गळा मोकळा कर.
पूर्वेच्या दोन फांद्या हलक्या करू,
एक यंदा, एक पुढल्या साली,
बगलेतला फुगवटा राखून.
आणि हे चकचकीत?
काप हवं तर. ते फक्त दारावरची पाटी.

दत्ताराम तोवर करवतवाल्याचा नंबर शोधून बसलेले.
कोसळलं तर कौलांवर, म्हणाले, आणि कौलांखाली आपण.
खोटं नव्हतं त्यात काही.
मी वही आणली. खडूच्या फुल्या उतरवून घेतल्या,
वर तारीख घातली, जुन्या सवयीने रुग्णाचं नावही: मानकुराद.
वयाच्या जागी प्रश्नचिन्ह.

त्या रात्री अंधारात
दोन बोटांनी मी स्वतःच्या छातीवर वाजवून पाहिलं.
काही कळलं नाही.
मोगरीही आपणच आणि कानही आपलाच, अशाने कळत नसावं.

आता दर महिन्याच्या दहा तारखेला एक फेरी.
मार्गशीर्षात फुल्या सातच. पौषात सातच.
मोहोर आला, पश्चिमेला दाट, पूर्वेला जरा विरळ,
कापलेल्या जागेभोवती सालीचा ओठ वळू लागलाय,
करंजीच्या मुरडीसारखा.
एका भोकात पोपटांची ये-जा.
वि. ना. के. चा तुकडा न्हाणीच्या पायरीला लावला,
तिथे शोभतो.

करवतवाला येऊन, चहा पिऊन गेला.
पुढच्या वर्षी बघू, म्हटलं त्याला.

खाट मात्र आम्ही
पश्चिमेच्या खोलीत हलवली.