तेरा अंश

सावद्याच्या कोल्ड स्टोरेजात
तेरा अंशांवर झोपवलीय केळी.
खोक्यांवर छापलंय: बंदर अब्बास.

नेहेतेभाऊ पुन्हा फोन उघडतात.
जिनिव्हात बोलणी लांबली.
युरेनियम कोणी किती टक्के
समृद्ध करायचं, यावर अडलंय म्हणे.
तोवर जहाज नाही.

फण्या धुता धुता तडव्यांची नजमा विचारते,
"मंग ते पिकाले किती दिस लागता, भाऊ?"

कोणी हसत नाही.

एक घड पिकला की
शेजारच्याला कळतं,
मग त्याच्या शेजारच्याला.
बंद खोलीत तर फारच लवकर.
हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक,
तिथं टेबलाभोवती
कोणी सांगितलं असेल का?

वीज गेली.
जनरेटर खोकतो, लागतो, पुन्हा खोकतो.
नेहेतेभाऊ लोखंडी दारावर
तळहात टेकवून उभे,
तापल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा.