डाग

बाबा पितळेच्या गुंडाला डाग द्यायचे
तेव्हा आधी भोकाला तोंड लावून फुंकायचे.
"हवा कुठून जाते थे पाह्य पोरी,
पाणी मंग पाह्यजो."
अड्याळचा बाजार, निंबाची सावली,
भाता मी ओढायची.

आता मी खिडक्या बुजवते.

आठवडाभर नागपूरला, हँगरात,
एका जुन्या प्रवासी विमानाच्या पोटात.
बावीस वर्षं माणसं वाहिली त्याने.
गेटवर फोन जमा, गळ्यात बिल्ला.
लिल्हारे सर म्हणाले, आधी खुर्च्या.
तिघातिघांच्या ओळी दाढा उपटाव्या तशा उपटल्या
आणि खाली निघालं:
लहान मुलाचा एक मोजा,
चिंचेची गोळी, कागदासकट,
हळदीचे तांदूळ, कुणाच्या तरी केसांतून सांडलेले,
पेनाने अर्धं सोडवलेलं शब्दकोडं,
आडवे सात रिकामे.
पिशवीत भरून मी चिठ्ठी लावली: मालक नाही.
सरांनी खोडून लिहिलं: भंगार.

मग खिडक्या.
काच काढायची, काठ घासायचा,
मापाचा पत्रा, रिव्हेट.
आतून फुलवंती उईके ठोकळा धरते,
बाहेरून मी गन चालवते,
पत्र्याच्या अलीकडून पलीकडून एकमेकींना ओळखतो
फक्त धक्क्याने.
एक खिडकी गेली की आतला उजेड घासभर कमी.
दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी दिवे लावले.

जेवणाची गाडी फिरायची तिथे
माझ्या मांडीएवढे तारांचे जुडगे.
नव्या खुर्च्या आल्या, त्या पुढे बघत नाहीत,
आडव्या बसतात, भिंतीकडे तोंड करून,
रुसल्यासारख्या,
प्रत्येकीपुढे पडद्याची चौकट.
पाठीवर काय बसवणार ते मला माहीत नाही.
माहीत असतं तरी सांगितलं नसतं,
कागदावर सही केली आहे.

शनिवारी शेवटच्या बसने गावात.
पंचफुलाबाई ओट्यावरून हाक मारते,
"काय वं माय, खिडक्या बुजवल्या
त थ्याले दिसन कसं?"
पहिल्यापेक्षा जास्त दिसेल, मी म्हणते.
"किती जास्त?"
लई.
"मंग माहा बोकड पाह्य म्हणा.
मंगळवारपासून भेटूनच नाही राहिला."

हसत हसत घरी आले.
रात्री मात्र त्या बोकडाने झोपू दिलं नाही.
कुठेतरी, मला नाव नसलेल्या गावात,
असाच ओटा असेल, अशीच एक बाई
हातात दोरी घेऊन नाल्याकडे निघालेली,
आणि वरती, बंद पत्र्याआड,
कुणीतरी शिकलासवरलेला पोरगा
तिचा ठिपका पाहत बसेल.
ठिपका हलला, एवढंच त्याला कळेल.
बोकड ठिपक्यात मावत नाही.

भंगारातून एक आतली काच मागून आणली होती,
प्लास्टिकचीच, पण काच म्हणतात.
बाबांना आता दिसत नाही फारसं,
बोटांनी बघतात.
कडेकडेने गेले, थांबले.
"इथं राह्यलं तुमचं. भोक हाय."
टाचणीएवढं. मी सांगितलं,
ते मुद्दामच ठेवतात बाबा,
काच श्वास घेते त्यातून, वाफ धरत नाही.

त्यांनी तोंड लावून फुंकलं.
पलीकडे तळहात धरला.
पुन्हा फुंकलं.
आयुष्यभर भोकं बुजवलेला माणूस
बराच वेळ त्या वाऱ्याशी खेळत बसला.

"मंग तुमच्या पत्र्यात ठेवलं काय असं एखादं?"
नाही, मी म्हणाले.
"एकबी नाही?"

मी ताट वाढायला उठले.
काच त्यांनी कोनाड्यात ठेवली,
गुंड ठोकायच्या हातोडीशेजारी.

सोमवारी पहाटे पाचची बस.
एकशे बारा झाल्या.
चौतीस राहिल्यात.